चारमिनारवरचा जांभळा रंग

आदिलाबादच्या नाणेवाल्यांमध्ये मी फाटक्या तोंडाची बाई म्हणून ओळखली जाते. असू दे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे चांदीचे जुने रुपये घेऊन येतात, टेबलावर ठेवतात आणि विचारतात, बाई, याचं टोनिंग, हा चढलेला रंग, खरा का केलेला? मी भिंग डोळ्याला लावते आणि जे दिसतं ते सांगते. कोणाला बरं वाटावं म्हणून आजवर एक शब्द फिरवला नाही. गुडीहत्नूरचा एक गृहस्थ निळाभोर रुपया घेऊन आला होता, म्हणाला आजोबांच्या पेटीतला आहे. मी म्हटलं, रुपया आजोबांचा असेल हो, हा निळा रंग मात्र तुमचा आहे. गृहस्थ अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

आता मी तरी काय करू? चांदीवर रंग चढतो तो हवेनं, कागदानं, कापडानं, आणि त्याला वर्षं लागतात. तो कडेकडून आत सरकतो. अक्षरांच्या कुशीत एक छटा, उंचवट्यावर दुसरी. कुठं थांबेल, कुठं दाटेल, ते त्याचं त्याला माहीत. घाईनं चढवलेला रंग सगळीकडे सारखाच पसरतो आणि नाण्यावरच्या ओरखड्यांतसुद्धा जाऊन बसतो. ओरखडा आधीचा, रंग नंतरचा, हे लहान लेकराला कळेल. तरी माणसं मलाच विचारतात, ताई, नीट पाहा ना पुन्हा एकदा! माझ्या डोक्यात तिडीक जाते ती तिथं.

हे सगळं मी शिकले ते बाबांच्या रुपयावर. निजामाच्या काळातला, चारमिनारवाला हाली रुपया. खाकी कागदाच्या पुडीत ठेवलेला. कडेला मोरपिशी, मग तांबूस, आणि मधे चारमिनारभोवती मधासारखा पिवळा. बाबा पुडी उघडायचे, आम्हा बहीणभावाला दाखवायचे आणि बोट लावू द्यायचे नाहीत. जाण्याआधी एवढंच म्हणाले, "रुपया एक, लेकरं दोन. भांडू नका." म्हणून आम्ही रीत पाडली. एक वर्ष रुपया माझ्याकडे, एक वर्ष भावाकडे. बदली भाऊबीजेला. त्याच्याकडे असला की तो ओवाळणीत टाकणार, माझ्याकडे असला की मी ओवाळून झाल्यावर त्याच्या हातावर ठेवणार. शेत, घर, सगळं मी त्याला सोडून दिलं. वाट्याला आलं ते हे, वर्षाआड एक रुपया, आणि मला ते पुरत होतं.

गेल्या दिवाळीत रुपया द्यायची पाळी त्याची होती. बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावी मी भाऊबीजेच्या सकाळी पोचले. कापूस वेचणीला आलेला, अर्धं घर शेतात. भावजय वावरातून नुकती आलेली, अंगावर कापूस चिकटलेला. नवी सून चहा देऊन गेली. पुतण्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं, तिची ही पहिलीच दिवाळी. माझ्यासमोर मान वर करून उभी राहिली नाही. लग्नात तिच्या मामानं माझ्या हातातल्या एका नाण्यावर कौतुकानं अंगठा फिरवला होता. घामेजला अंगठा! मी भर मांडवात त्याचा हात झटकला आणि चार गोष्टी सुनावल्या. चूक त्याचीच होती.

पाट मांडला. भाऊ टोपी घालून बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ताट फिरवलं. त्यानं खिशातून पुडी काढली. दर वेळी तो पुडी उघडून मला दाखवतो, मग हसून ताटात टाकतो. या वेळी त्यानं पुडी मुठीतच उघडली आणि रुपया निरांजनाच्या पलीकडे हलकेच सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

ज्योतीच्या उजेडात चारमिनार जांभळा दिसला. चारही मिनार, कमानी, कड, सगळं एकाच जांभळ्या रंगाचं. मोरपिशी नाही, मध नाही.

"हे काय हाय?"

"रुपया, ताई."

"कोनाचा रुपया?"

"बाबाचा."

"मले शिकवून राह्यला का तू?" माझा आवाज चढला. "मी आयुष्यभर हेच पाह्यलं. हा रंग गंधकाचा हाय. हा बाबाचा रुपया नाई. बाबाचा कुठी हाय ते सांग."

भावजय चौकटीला धरून उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुतण्या मोबाइल खिशात घालून भिंतीकडे पाहत राहिला. एवढं सगळं घर मूग गिळून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावरूनच मला खात्री पटली. निरांजन कलंडेल म्हणून मी ताट दोन्ही हातांनी धरलं.

"अरे, काऊन बोलत नाई? इकला का?"

भावानं वर पाहिलं. एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "इकला."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. नाही म्हणेल, मी भांडेन, तो भांडेल, आणि शेवटी कुठल्या तरी डब्यातून बाबांची खरी पुडी निघेल. त्यानं तर सरळ हो म्हटलं. माझा भाऊ! ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलं, त्यानं बाबांचा रुपया विकला आणि त्याच्या जागी हे रंगवलेलं सोंग भाऊबीजेच्या ताटात टाकलं? मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं, की या घरात माझं हे शेवटचं पाणी. आता उठायचं, पिशवी घ्यायची, आणि मरेपर्यंत इकडं फिरकायचं नाही.

पण तसं उठणं माझ्या स्वभावात नाही. मला आधी त्याचं तोंड काळं करायचं होतं. ताट खाली ठेवलं, रुपया उचलला आणि पिशवीतून भिंग काढलं. या रुपयातली एकेक खोट त्याला सगळ्यांसमोर दाखवायची होती. दारातल्या उजेडात गेले आणि पाहायला लागले.

"हे पाह्य," मी सुरुवात केली. "हे घासल्याचे ओरखडे. गोल गोल. कोनीतरी बोटानं चोळलेलं हाय. आनि रंग त्या ओरखड्याच्या आत गेला हाय. म्हंजे आधी घासला, मंग रंगवला." भाऊ खाली मान घालून ऐकत होता. "आनि हे..."

आणि मी थांबले. फारसी अक्षरांच्या वळणात, जिथं बोटाचं टोक पोचत नाही तिथं, जांभळ्याच्या खाली दुसरा रंग होता. मधासारखा. मिनारांच्या बुडाशी तसाच. अगदी सुईच्या टोकाएवढा, पण तो तोच होता. मी रुपया फिरवला. कडेवर सोनारानं कधीकाळी चांदी पारखताना पाडलेली बारीक खाच होती, तिच्या आत मोरपिशी. ती खाच मी झोपेतसुद्धा ओळखेन.

रुपया बाबांचाच होता. रंग खोटा, रुपया खरा.

मग हा विकला म्हणून कबूल का झाला?

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. समई, निरांजनं, करंडा, लक्ष्मीपूजनाचे दोन साधे रुपये, सगळं लखलख करत होतं. या घरात एवढी घासलेली भांडी मी कधी पाहिली नव्हती. भावजय वरवर हात मारून मोकळी होणारी बाई. तिला ठाऊक होतं की बाकी सगळं घासायचं आणि देव्हाऱ्यातल्या पुडीला हात लावायचा नाही. पण यंदा ती दिवाळीच्या तोंडावर दिवसभर वेचणीला होती.

"देवाची भांडी कोनं घासली यंदा?" मी विचारलं.

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे न पाहण्याची एवढी काळजी घेतली की मला दुसऱ्या उत्तराची गरज उरली नाही. दाराआड बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. चिंच आणि राख घेऊन, सासरच्या पहिल्या दिवाळीला, कोणी नाव ठेवू नये म्हणून ती पोरगी सगळं घासत बसली असणार. पुडी उघडली असणार, काळपट रुपया दिसला असणार, आणि बिचारीला वाटलं असणार की हाच तेवढा राहिला घासायचा.

"आनि रंग कोनं चढवला?"

"मीच," भाऊ म्हणाला. "फवारनीचा गंधक होता घरी. तूच सांगितलं होतं ना मागं, हे चोर लोक कसे करतात ते. तव्यावर धरला. लय जांभळा झाला."

हसावं का रडावं कळेना. मी त्याच्या पाटासमोर जमिनीवर बसकण मारली.

"मंग खोटं काऊन बोलला रे? इकला म्हणून काऊन सांगितलं मले? मी आज तुयं नाव टाकून उठली असती. भाऊ मेला म्हणून समजली असती!"

"समजली असती," तो म्हणाला. "शिव्या दिल्या असत्या. चार-दोन वर्सं बोलली नसती. पन मी तुया भाऊ, तू आली असती माघारी. त्या पोरीनं काय करावं? तिले तं तुयं तोंड जलमभर पुरलं असतं."

हे तो रागानं नाही म्हणाला. पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलला. भावजयीनं पदर तोंडाला लावला, पण नाही असं काही म्हणाली नाही. पुतण्याही नाही. मी वाट पाहिली की कोणीतरी म्हणेल, नाही हो, आत्या काय एवढी वाईट नाही. कोणी म्हणालं नाही.

मी कधी कोणावर हात उगारला नाही. मी फक्त बोलते, आणि खरं तेच बोलते. आणि माझा सख्खा भाऊ माझ्यापुढं चोर व्हायला तयार झाला होता, पण त्या पोरीला माझ्यासमोर उभी करायला नाही.

मी ताट पुन्हा हातात घेऊन उठले आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, ये वो बाहेर." आवाज जेवढा मऊ करता येईल तेवढा केला. कोणी आलं नाही. पुन्हा हाक मारली. दाराच्या फटीत पदराचं टोक दिसलं आणि तिथंच थांबलं.

तेव्हा भाऊ पाटावरून उठला. माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभा राहिला, माझा दंड धरला, आणि दाराकडे पाहून म्हणाला, "ये बाई, ये. भिऊ नको. काही करत नाई ती."

अंगणात पाहुणा अडला की दारातलं कुत्रं धरून तो असंच म्हणतो, याच आवाजात. मी दंड सोडवून घेतला नाही. ताट धरून होते तशीच उभी राहिले, कारण जरा जरी हलले असते तर ती परत आत गेली असती.