दिव्याभोवतीचं कडं

"उजवा डोळा गेलेला आहे. तो परत येणार नाही. डाव्याचं काय करता येतं ते बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

माझी माय स्टुलावर बसली होती. तिच्या डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकून, बुबुळावर एक इवलंसं यंत्र टेकवून त्यांनी आतला दाब मोजला होता. आजाराचं नाव ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं. ते बाहेर जायची वाट अडली की दाब वाढतो आणि मागची नस मरते. मेलेल्या नसेला कोणतंही औषध उठवत नाही.

"पण मॅडम, हा मोतिया ना? पिकला नव्हता म्हणून आम्ही थांबलो," मी म्हणालो.

"मोतिया आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणीच नाही. आमच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की तो मोतियाच असतो, आणि तो पिकू द्यायचा असतो, सीताफळासारखा. कच्चा कापू नये म्हणतात. मी शाळामास्तर, चार बुकं शिकलेला, पण मीही मायला तेच सांगत होतो, "पिकू दे वं माय, मग नेतो." बाई म्हणाल्या, काचबिंदूला हिंदीत काला मोतिया म्हणतात, त्या नावानंच लोक फसतात. हा पिकत नसतो. हा डोळा खातो.

मग त्यांनी मायला विचारलं, "आजी, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का?"

त्या कड्याचं मला ठाऊक होतं. कसं ते सांगतो. सांगताना लाज वाटते, पण ती वाटायलाच पाहिजे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. उत्तर नागपुरातल्या आमच्या घरात विजेचा बल्ब लागून फार दिवस झाले नव्हते. माय बिड्या वळायची. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी गायनपार्टी घेऊन फिरायचो. पेटी, ढोलक, झांज आणि मी. कन्हानपासून खापरखेड्याच्या कामगार वसाहतीपर्यंत लोक बोलवत. माझी गाणी बहुतेक आईचीच. आई वाट पाहते, लेक धावत येतो, तिच्या पायाशी बसतो. बायका पदर डोळ्यांना लावत, आणि मी मान खाली घालून नमस्कार करत असे. वा रे मास्तर!

एका संध्याकाळी माय सुपातली पानं बाजूला सारून म्हणाली, "ह्या दिव्याच्या भवताल रंगीत कडं काहून दिसून राहिलं गा मले? सातही रंग हायेत. अन् डोकं ठनकते."

डोकं मी ऐकलंच नाही. कडं मात्र बरोबर ऐकलं. लगेच वही काढली, जेवणाआधी कडवं तयार!

लेक माझा आला दारी,
दिवा ल्याला सात रंगांचं कडं.

हे गाणं असं उचललं गेलं की विचारू नका. पोरं आमच्या घरावरून जाताना तेच म्हणत जायची. मायनं त्यानंतर दोनदा तरी सांगितलं, "आजबी दिसलं गा." मी काय म्हणालो? म्हणालो, "तू तर कवयित्री निघाली वं माय!" ती हसली. मग तिनं सांगणंच बंद केलं.

पुढे ती चौकटीला धडकायला लागली. पाण्याचा गडू कलंडायचा. पानं वाकडी कापली जायची आणि ठेकेदार बिड्या परत पाठवायचा. मी ओरडायचो, "ध्यान कुठी राहते वं माय तुझं?" एक दिवस डोकं धरून तिनं ओकाऱ्या काढल्या, उजवा डोळा रक्तासारखा लाल झाला. माझी बायको सुमन म्हणाली, दवाखान्यात न्या. मी म्हणालो पित्त आहे, लिंबाचं पाणी दे. मला कार्यक्रमाला जायचं होतं. बाईंनी नंतर सांगितलं, उजवा डोळा बहुधा त्याच दिवशी गेला. त्या वेळी मी कन्हानला आईवरची गाणी म्हणत होतो.

तर डॉक्टरीणबाईंनी कड्याचं विचारलं.

"हाव बाई, दिसे," माय म्हणाली.

"मग कोणाला सांगितलं नाही?"

मी शेजारीच उभा होतो.

"नाही बाई. कोनालेच नाही सांगतलं."

"अहो आजी, असं अंगावर काढतात का? तेव्हाच आला असतात तर दोन्ही डोळे राहिले असते. तुम्ही लोक दुखणं लपवता आणि मग आमच्याकडे येता." बाई बऱ्याच बोलल्या. माय मान हलवत ऐकत राहिली, आणि मी तिला ऐकू दिलं. त्या खोलीत मी तोंड उघडलं असतं तर काय गेलं असतं माझं? मास्तर म्हणून मान होता, तो गेला असता. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

तिला भरती केलं. दाब उतरवायच्या गोळ्या, आणि पायलोकार्पिन नावाचे थेंब दिवसातून चारदा. हे थेंब बाहुली लहान करतात, अडलेली वाट मोकळी व्हायला मदत करतात. डोळा चुरचुरतो, कपाळ दुखतं, पण थेंब चुकवायचे नाहीत. दाब उतरल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बुबुळाच्या रंगीत पडद्याला एक बारीक छिद्र पाडायचं, पाण्याला दुसरी वाट द्यायची. डोळा वाचेल का, विचारलं तर बाई म्हणाल्या, "जेवढी नजर उरली आहे तेवढी टिकली तरी खूप."

वॉर्डातल्या सिस्टरनं मला त्या कड्याच्या गाण्यावरून ओळखलं. मायला म्हणाली, "आजी, नशीब काढलं तुम्ही. तुमच्यावर जीव असल्याशिवाय का असं गाणं सुचते?" माय म्हणाली, "हाव." मी नळाचं निमित्त करून बाहेर गेलो.

व्हरांड्याच्या बाकावर बसून मी माझी गाणी एकेक करून आठवली. एकाही गाण्यातली आई आजारी नव्हती. ती नुसती दारात उभी. आणि एकाही लेकानं तिला साधं विचारलं नव्हतं, तुला काय होतं, कधीपासून होतं. आमचे लेक नुसते पाया पडतात. इतकी वर्षं मुलांकडून आईवर निबंध लिहून घेतले, त्यांतही हेच शिकवलं.

तुमच्या घरी कोणाला दिव्याभोवती रंग दिसत असतील, भुवईत ठणका लागत असेल, बाजूचं दिसत नसेल, तर मोतिया म्हणून वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. हे सांगायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. तरी सांगतो.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मी मायच्या खाटेशी उभा होतो. बाईंनी तिच्या डोळ्यासमोर बोटं धरली. "किती?"

"तीन," माय म्हणाली. मग हळूच, "अन् तुमी चष्मा लावता."

बाई हसल्या. मला तिथंच रडू फुटलं. डोळा वाचला होता! त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

निघताना त्या मायला म्हणाल्या, "आजी, आता काही वेगळं दिसलं तर लगेच सांगायचं. मागच्यासारखं लपवायचं नाही."

"बरं बाई," माय म्हणाली.

आता मात्र मला राहवलं नाही. "मॅडम, तिनं लपवलं नव्हतं. मला सांगितलं होतं. तीनदा."

"मग?"

"मी त्याचं गाणं केलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या कागदावर थेंबांच्या वेळा लिहू लागल्या. सिस्टर खाली पाहत पट्टी गुंडाळत होती. मी मायकडे पाहिलं. गाण्यातली आई अशा वेळी लेकाला पोटाशी धरते, झालं गेलं विसर म्हणते. खरं सांगतो, मी त्याचीच वाट पाहत होतो.

मायनं तो एक डोळा माझ्यावर रोखला.

"गानं कराले नव्हतं सांगतलं गा," ती म्हणाली. "दवाखान्यात नेशीन म्हनून सांगतलं होतं."