आग्रहाचं जेवण

सरांनी हात लांब करून माझ्या आईसमोरची चकती उलटी केली. हिरवी होती, लाल केली.

“आईंचं आता बस. यांना कुणी थांब म्हटल्याशिवाय कळत नाही.”

मराठीत म्हणाले. एरवी ऑफिसात इंग्रजीशिवाय तोंड उघडत नाहीत. टेबलावरचे सगळे हसले.

मीही हसले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे मी कुणी मोठी शूर बाई होते असं कुणाला वाटायला नको.

रविवारची दुपार होती. ऑफिसचं वार्षिक जेवण, घरचं एक माणूस आणायची मुभा. मी आईला आणलं. उरणच्या खाडीकाठची कोळीण. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकली आणि मला बी.कॉम. केलं. आता मी पनवेलच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघते, अजून कायम झालेली नाही.

हॉटेल हायवेवरचं, ब्राझीलच्या पद्धतीचं. पोट भरेल तेवढं खा. वाढपी लांब सळईवर भाजलेलं मांस घेऊन फिरतात आणि ताटात कापून देतात. चकती हिरवी असेल तर वाढत राहतात, लाल केली की थांबतात. सुरुवातीला सरच म्हणाले होते, “लाजू नका, तुटून पडा.”

आईला चकतीचं कुणी सांगितलंच नाही. ती आपली रीतीनं “पुरं, पुरं” म्हणायची. वाढपी हिरवी चकती बघून आणखी एक तुकडा ठेवायचा. आईला वाटलं, केवढा आग्रह करतोय! आमच्याकडे आग्रह मोडत नाहीत. वाढलेलं टाकत नाहीत. ती खात राहिली. हाडं चोखून पांढरी केली. मध्येच त्या पिकल्या केसांच्या वाढप्याला म्हणाली, “तुमी जेवलात का भाऊ? नाय? मंग आमाला कसा गोड लागल?”

तेव्हा पहिल्यांदा खसखस पिकली.

तिचं पोट केव्हाच भरलं होतं. मला दिसत होतं. घाम फुटला होता तिला. मी तीन खुर्च्या पलीकडे होते. उठून एवढंच सांगायचं होतं, “आये, ती चकती पालथी कर.” नाही उठले. सगळ्यांसमोर आमच्या बोलीत बोलायची लाज वाटली.

सरांनी चकती उलटी केल्यावर आईनं हातातलं हाड हळूच ताटात ठेवलं. पदरानं बोटं पुसली. माझ्याकडे बघून विचारलं, “मी जास्ती खाल्ला का गो?”

माझं हसू तिथंच मेलं. मी उभी राहिले.

“सर, तिला भूक नव्हती. तुमच्या घरचा आग्रह समजून खात होती. थांब म्हटल्याशिवाय तुम्हाला कळत नाही. म्हणून सांगते, थांबा.”

सर आधी हसले. मग चेहरा बदलला. “अगं, गंमत केली. तुम्हा लोकांना बरोबरीनं बसवतो, त्याचं हे फळ.”

बसवतो म्हणे! खुर्ची काय त्याच्या बापाची होती? मी आईचा हात धरला आणि बाहेर पडले.

आम्ही रिक्षा केली. करंजाडेच्या वळणावर आई म्हणाली, “ते हसले, ते परके. तू का गो हसलीस?”

मी तिची माफी मागितली. तिनं तोंड फिरवलं.

सोमवारी वरून निरोप आला. ऑफिसच्या ग्रुपवर सरांची माफी माग, नाहीतर कायम केल्याचं पत्र विसर. आई म्हणाली, “माग गो, नोकरी हाय.” मी नाही मागितली. मागणारही नाही. मला ज्या एका माणसानं माफ करायला हवं, त्या आईनं अजून केलेलं नाही.

पत्र येवो न येवो. आधी आईचा फोन आला की मी जिन्यात पळायचे, दबक्या आवाजात शुद्ध बोलायचे. आता टेबलावरच बोलते. आमच्या बोलीत, सरांच्या केबिनपर्यंत ऐकू जाईल असं. ज्याला हसायचंय त्यानं माझ्यासमोर येऊन हसावं. त्याच्याबरोबर मी हसणार नाही.