तांबड्या छातीचा कुरव

क्रेनवाल्यांनी एकतीस वर्षं पक्ष्यांच्या फक्त पाठी पाहिल्या होत्या.

बंदराच्या खनिजधक्क्यावर त्यांची क्रेन होती. जमिनीपासून बारा मजले वर काचेची केबिन, तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि पायाखाली जाड काच. सकाळी डबा घेऊन वर चढायचं, लोखंडाच्या लाल मातीचा ढीग पंजाने उपसून जहाजाच्या पोटात रिकामा करायचा आणि संध्याकाळी लालभडक होऊन खाली उतरायचं. मधल्या वेळात त्यांच्यासाठी जग म्हणजे टोप्या, टकलं, ट्रकांची छपरं आणि पक्ष्यांच्या पाठी. थंडी पडली की बंदरामागच्या दलदलीत हजारोंनी पक्षी उतरायचे. जहाजाची वाट बघत रिकामं बसावं लागलं की क्रेनवाले ते मोजत. पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली होती. पाठीवर दोन पट्टे असलेला तो हवालदार. राखाडी पाठीचा, सतत मान खाली घालून चालणारा, तो हेडक्लार्क.

मग ते निवृत्त झाले आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे बायकोच्या मागे उभे राहिले. ती फडताळात डबा ठेवायला लागली की हे मागून हात हलवायचे. "थोडं डावीकडे. अजून. हां, आता सोड."

तिसऱ्या आठवड्यात तिने डबा खरंच सोडला. दाणे स्वयंपाकघरभर झाले. "अहो," ती म्हणाली, "मी काही जहाज नाही. रविवारचं तरी कुठे बाहेर पडा. ते पक्षी बघणारे लोक येतात ना बंदरावर, त्यांच्यात जा. तुम्हाला तेवढंच येतं."

म्हणून क्रेनवाले पक्षिमित्र मंडळात गेले.

मंडळात चाळीसेक सभासद होते. दर रविवारी सकाळी सातला बंदराच्या लांब बांधावर सगळे जमायचे. माणसाची पत तिथे लेन्सच्या लांबीवर ठरायची. हातभर लेन्सवाले पुढे, वीतभरवाले मध्ये आणि नुसत्या दुर्बिणीवाले मागे. सगळ्यांच्या अंगात एकसारखी हिरवी जाकिटं होती आणि प्रत्येक जाकिटाच्या छातीवर बंदराचा शिक्का होता, कारण ती बंदराच्या व्यवस्थापक साहेबांनी भेट दिली होती. पक्ष्यांना दिसू नये म्हणून हिरवं जाकीट घालायचं आणि मग एकमेकांना ओरडून हाका मारायच्या, अशी तिथली शिस्त होती.

अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. चाळीस वर्षं तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशीच बोलल्यामुळे समोरून उत्तर येतं हे त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. प्रश्न तेच विचारायचे, उत्तर तेच द्यायचे आणि वर "बरोबर?" असंही तेच म्हणायचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी क्रेनवाल्यांना पुढे ओढलं. "सांगा बघू, तो कोण?"

चिखलात एक पक्षी उभा होता. क्रेनवाल्यांनी डोळे बारीक केले. समोर चोच, गळा, पोट, पाय असा नुसता गोंधळ दिसत होता.

"जरा पाठ फिरवू दे त्याला," ते म्हणाले. "मग सांगतो."

बांधावर असा हशा पिकला की अर्धी दलदल उडून गेली. त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव 'पाठीमागून' पडलं. नवीन कोणी आलं की त्यांची ओळख याच नावाने करून दिली जायची. क्रेनवाले हसून साजरं करायचे, पण घरी येऊन पुस्तकातली पोटं पाठ करत बसायचे. तुतवाराचं पोट, चिखल्याचं पोट, शेकाट्याचं पोट.

पाचव्या रविवारी ओहोटी होती. मंडळी लांबवरच्या गुलाबी रोहित पक्ष्यांच्या थव्यावर लेन्सा रोखून उभी होती. क्रेनवाले मागे, जवळच उतरलेले कुरव बघत होते. कुरवांकडे मंडळात कुणी ढुंकूनही बघत नसे. पांढरा, राखाडी, कर्कश ओरडणारा आणि फेकलेलं खाणारा पक्षी तो. पण त्यातल्या एकाची छाती तांबडी होती. थोडीथोडकी नव्हे, गळ्यापासून शेपटीपर्यंत विटेसारखी तांबडी.

"अध्यक्ष," क्रेनवाल्यांनी भीतभीत विचारलं, "लाल छातीचा कुरव कुठला म्हणायचा?"

"लाल छातीचा कुरव नसतो," अध्यक्षांनी मान न वळवता सांगितलं. मग मान वळवली, आणि त्यांचंच तोंड उघडं राहिलं.

पुढचा अर्धा तास क्रेनवाल्यांच्या आयुष्यातला सोन्याचा होता. चाळीस लेन्सा रोहितांवरून कुरवावर आल्या. पुस्तकं उघडली गेली, मिटली गेली, पुन्हा उघडली गेली. तांबड्या छातीचा कुरव कुठल्याच पानावर नव्हता. "नवी जात असू शकते," अध्यक्ष कुजबुजले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हातभर लेन्सवाल्या एकाने क्रेनवाल्यांना स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. 'पाठीमागून' कुणी म्हटलं नाही. सगळे 'दादा' म्हणाले.

ते घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "अगं, इकडे ये," त्यांनी बायकोला फोनवरचा फोटो दाखवला. "जगात कुणी पाहिलेला नाही असा पक्षी. मी पाहिला."

बायकोने ओले हात पुसले, फोन डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला.

"हा रंग मी एकतीस वर्षं तुमच्या बनियनवर घासलाय," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

क्रेनवाले खाटेवर बसले. ती काय म्हणाली ते त्यांना लगेच कळलं, आणि कळल्याचाच त्यांना राग आला. थंडीत सकाळचं ऊन पडलं की खनिजाचा ढीग आधी तापायचा. कुरव त्या उबेला येऊन ढिगावर पोट टेकून बसायचे. हे त्यांनी वरून हजार वेळा पाहिलं होतं. लाल ढिगावर पांढऱ्या पाठी, ओळीने. पोटाचं काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता, कारण पोट कधी दिसलंच नव्हतं.

"सांगून टाका अध्यक्षांना," बायको आतून म्हणाली.

"सांगतो. रविवारी."

पण रविवारच्या आतच मंगळवार आला आणि मंगळवारच्या पेपरात क्रेनवाल्यांचा फोटो आला. बुधवारी किराणा दुकानदाराने त्यांना रांगेतून पुढे बोलावलं. गुरुवारी अध्यक्षांचा फोन आला की शास्त्रीय नावात अध्यक्षांचं आडनाव घालायचं जवळजवळ ठरलंय, पण शोधक म्हणून दादांचा उल्लेख नक्की राहील. शुक्रवारी क्रेनवाल्यांनी रुंद काठाची टोपी विकत आणली. शनिवारी ते आरशासमोर ती टोपी घालून, ती काढून, पुन्हा घालून बघत होते. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सांगणार आहात ना उद्या?"

"उद्या सत्कार आहे गं. सत्कारात कसं सांगणार? माणसाने वेळकाळ बघावा."

"मग मीही येते," ती म्हणाली.

सत्कार बंदराच्या सभागृहात होता. व्यवस्थापक साहेब प्रमुख पाहुणे. भिंतीवर तांबड्या छातीच्या कुरवाचा दाराएवढा फोटो. साहेब बोलायला उठले. ते म्हणाले की बंदरामुळे दलदलीवर धूळ बसते अशी ओरड काही लोक करतात. त्या लोकांना या पक्ष्याने परस्पर उत्तर दिलं आहे. जगातला सर्वांत दुर्मिळ पक्षी राहायला येतो तो कुठे? आपल्या बंदरात! टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या हिरव्या जाकिटांनी वाजवल्या.

मग क्रेनवाल्यांच्या खांद्यावर शाल आली आणि हातात माईक आला. ते 'आभारी आहे' म्हणून बसणार होते. आदल्या दिवशी आरशासमोर तेवढंच पाठ केलं होतं. पण समोर दुसऱ्या रांगेत बायको बसली होती, आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती दाराएवढ्या फोटोकडे बघत होती आणि तिच्या नकळत तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर कपडा चोळल्यासारखी हलत होती.

क्रेनवाल्यांनी टोपी काढली.

"हा साधा कुरव आहे," ते म्हणाले. "ढिगावर बसून माखलाय. छातीला लागलीय ती आपली खनिजाची धूळ. मला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. बोललो नाही, ही माझी चूक."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अध्यक्ष उठले आणि त्यांनी क्रेनवाल्यांच्या हातातला माईक दाढ काढावी तसा अलगद, पण घट्ट धरून काढून घेतला.

"दादा भारावून गेलेत," ते म्हणाले. "एवढ्या कौतुकाची सवय नाही त्यांना. बरोबर?"

"काय बरोबर?" बायको उभी राहिली. "धुऊन बघा ना त्याला! माझ्याकडे आणा, मी धुऊन देते."

लोक हसले. विनोद समजून टाळ्याही पडल्या. साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, फोटो निघाला आणि सगळे जाकीटवाले चहाकडे गेले. क्रेनवाल्यांना त्या दिवशी कुणी चहा विचारला नाही.

पुढच्या रविवारी ते बांधावर गेले नाहीत. पण बातमी घरी आलीच. त्या रविवारी तांबड्या छातीचे सात कुरव दिसले होते. त्याच्या पुढच्या रविवारी एकोणीस. त्या पंधरवड्यात वारा पडला होता, थंडी वाढली होती आणि धक्क्यावर खनिजाचा नवा ढीग पडला होता. मंडळाच्या पत्रिकेत मात्र मथळा आला, 'नव्या जातीची झपाट्याने वाढ'. खाली अध्यक्षांचा लेख होता आणि लेखात पक्षी प्रथम पाहिला तो अध्यक्षांनी. क्रेनवाल्यांचा उल्लेख 'सोबत असलेले एक ज्येष्ठ सभासद' असा होता, आणि तोही छायाचित्राखाली.

क्रेनवाल्यांनी पत्रिका दोनदा वाचली. त्यांचा चेहरा पडला. बायकोनेही वाचली, पण ती चवताळली. धक्क्यामागच्या त्यांच्या वसाहतीत दोरीवर चादर टाकली की दुपारी ती तांबडी होते हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आजवर त्याला 'बंदराजवळ राहायचं म्हणजे हे आलंच' असं म्हणायची पद्धत होती. बायकोने त्या सोमवारी बत्तीस घरांतून बत्तीस चादरी गोळा केल्या आणि बायका घेऊन थेट व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेली. मागे क्रेनवाले होते, गाठोडी उचलायला.

"साहेब," तिने पहिली चादर त्यांच्या टेबलावर पसरली, "ही घ्या नवी जात. आमच्या दोरीवर रोज येते. ही दुसरी. ही माझ्या नातीची, ही पिल्लू आहे."

साहेब दोन्ही हातांनी कागद वाचवायला लागले. "बाई, हे बघा, पक्ष्यांचा विषय वेगळा..."

"मग पेपरवाल्यांना सांगते, तुम्हाला बत्तीस दुर्मिळ चादरी सापडल्या म्हणून. भिंतीवर जागा आहे ना?"

साहेब मुरलेले गडी होते. कुठला फोटो पेपरात यावा आणि कुठला येऊ नये एवढं त्यांना कळत होतं. चार दिवसांत ढिगावर ताडपत्री चढली आणि कडेने पाण्याचे फवारे बसले. वसाहतीत पहिल्यांदाच पांढरी चादर संध्याकाळपर्यंत पांढरी राहिली. आणि दोन आठवड्यांत, अंघोळी करून करून, दलदलीतले सगळे कुरव पांढरे झाले.

आता एखाद्याला वाटेल, मंडळाने मान खाली घातली असेल. मंडळाने मोर्चा काढला. हिरवी जाकिटं बंदराच्या फाटकासमोर उभी राहिली आणि फलकांवर लिहिलं होतं, 'ताडपत्री हटवा, दुर्मिळ कुरव वाचवा'. बंदराने एका अद्वितीय पक्ष्याचा नैसर्गिक अधिवास झाकून टाकला, असं अध्यक्षांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला समजावून सांगितलं. पहारेकऱ्याने विचारलं की मग तुमच्या छातीवर बंदराचा शिक्का कसा. त्यावर अध्यक्षांनी जाकीट काढलं, पण थंडी होती, म्हणून उलटं करून पुन्हा घातलं.

त्याच संध्याकाळी ते निवेदन घेऊन क्रेनवाल्यांच्या दारात आले.

"दादा, झालं गेलं विसरून जा. पहिली सही तुमची हवी. शोधक म्हणून तुमचं नाव पुढच्या अंकात ठळक अक्षरात येईल. बरोबर?"

क्रेनवाल्यांनी निवेदन हातात घेतलं. 'शोधक' हा शब्द खरंच ठळक अक्षरात होता आणि पुढे रिकामी रेघ होती. खोटं कशाला बोला, त्यांनी ती रेघ जरा जास्तच वेळ पाहिली. आत बायको लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"बरोबर नाही," क्रेनवाले म्हणाले आणि कागद परत दिला.

समोरून उत्तर आलं होतं आणि त्याचं काय करायचं हे अध्यक्षांना सुचत नव्हतं. मग ते जिना उतरून गेले.

क्रेनवाले आता बुधवारी बांधावर जातात. बुधवारी तिथे कुणी नसतं. बायको सोबत येते, विणकाम घेऊन. तिला एकाही पक्ष्याचं नाव येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. गेल्या बुधवारी भरतीच्या वेळी कुरवांचा थवा उडाला. दोघांनी मोजला. यांचे चारशे दहा भरले, तिचे चारशे सोळा. त्यावरून वाद झाला. मग त्यांनी थवा पुन्हा उतरायची वाट पाहिली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.