शीकाका आणि ती बाग

आमच्या सासऱ्यांना वसईजवळचं आमचं अख्खं सांडोर गाव शीकाका म्हणत असे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. लहान मुलं त्या नावावरून जी हसायची ती हसायचीच, पण मोठ्यांनाही दुसरं नाव सुचत नसे, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'शी'. पापलेट आणलं, शी. नवं धोतर आणलं, शी. माझा पहिला मुलगा झाला आणि सुईणीनं दुपट्यातला गोळा त्यांच्यापुढं धरला, तेव्हाही म्हणाले, "शी, केवढं ते नाक." नाक त्यांचंच होतं.

मी कामणची, भातशेतीतल्या घरातली. लग्न होऊन या केळीच्या वाडीत आले ते हे काहीच माहीत नसताना. पहिल्यांदा स्वयंपाक केला तो कोलंबीच्या कालवणाचा. बाबांनी (घरात आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो) एक घास घेतला, शी म्हणाले आणि वाटी पुढं केली. मी चुलीपाशी येऊन रडत बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं वेडे, रडतेस काय? वाटी पुढं केली ना? ह्यांनी शी म्हटलं म्हंजे जेवन तोंडाला लागलं. गप बसतील ना, तेव्हा घाबर." मी डोळे पुसले, पण माणसाला चांगलं म्हणता येत नाही याचा राग मनात राहिलाच.

बाबा मूळचे वाडीवालेच, पण भावाभावांत वाडी पुरेना म्हणून तरुणपणी आगबोटीवर भंडारी झाले, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील, तेव्हाची त्यांची शेवटची सफर. बोट अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बंदराला लागली, माल उतरायला वेळ होता, म्हणून कप्तानानं सगळ्यांना बसमध्ये घालून एक नवी करमणुकीची बाग बघायला धाडलं. त्या बागेचं नाव आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबा ते कधी घेत नसत. 'ती बाग' एवढंच म्हणायचे. मीही घेणार नाही.

बाबा कायमचे घरी आले आणि रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर त्या बागेची कथा सुरू झाली. अर्धं गाव यायचं. चहा माझ्या जिवावर आणि पानाच्या पिचकाऱ्या माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर. मला त्या बैठकीची मनापासून किळस यायची, पण आतून कान मात्र तिकडेच असायचे.

"शी," बाबा सुरू करायचे. "किल्ला म्हंजे काय, तर खालच्या विटा मोठ्या नि वरच्या बारीक. म्हंजे खालनं बघनाऱ्याला वाटावं, अबब, किती उंच. आत कोन राजा नाय, कोन शिपाय नाय. आपल्या वसईच्या किल्ल्यात निदान गुरं तरी चरतात."

बोटीवर जन्म काढलेल्या माणसाला सर्वांत जास्त राग आला होता तो तिथल्या बोटीचा. मोठी दुमजली आगबोट, भोंगा वाजवते, धूर सोडते, आणि पाण्याखाली रूळ. "पान्यात रूळ! आगगाडीच ती. रूळ दिसू नये म्हनून पानी हिरवं केलेलं. कप्तान टोपी घालून हुबा, सुकानू नुसतं हातात धरायला. पाचूबंदरचा एखादा कोळी त्यात बसवला तर तो उतरून चालत घरी जाईल." पाणघोडे होते, ते लोखंडाचे. होडी जवळ आली की डोकं वर काढून कान हलवायचे, गेली की पुन्हा बुडायचे. झाडाचं पान गळलं की झाडूवाला टिपायला हजर. "शी. पाचोळा नाय ती कसली बाग? नुसतं टक्कल."

आणि कप. त्या कपांवर बाबा रोज यायचेच. माणूस आत बसेल एवढाले चहाचे कप, बशीत ठेवलेले, आणि ते गरागरा फिरतात. बाबा हात पसरून कपाची रुंदी दाखवायचे, बसल्या जागी डुलून दाखवायचे. "बायामानसं, म्हातारे, सगळे कपात. मानूस म्हंजे चा आहे काय?" बोलताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे आणि ओटीवर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. खरकट्यावरच्या माशा किंवा गटार, असल्या ज्या गोष्टीची आपल्याला किळस येते, तिचं आपण रोज संध्याकाळी रसभरीत वर्णन करत नाही. हा माणूस इतका शिसारी आल्यासारखा बोलतो आणि तरी उद्या पुन्हा तेच बोलायला बसतो, हे काही मला पटत नव्हतं.

पण त्या बोलण्यानं खरा घात केला तो आमच्या घरात. बाबांची शी लोकांना हसायला पुरायची, ह्यांना मात्र, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यातली बाग तेवढी ऐकू आली. कप किती मोठा होता, बशी कशावर फिरत होती, किती माणसं रांगेत होती, हे प्रश्न तेच विचारायचे आणि बाबा नाक मुरडत इत्थंभूत सांगायचे. एके दिवशी जेवताना हे मला म्हणाले, "मुंबईचे लोक सुट्टीला किल्ला बघायला येतात, समुद्रावर जातात, मग करायचं काय? नुसतं भटकायचं. आपन वाडीत तशी बाग काढू. विहिरीवर रहाट आहेच, बैल गोल फिरतोच. त्याच्यामागं चार लाकडी कप जोडायचे."

मी म्हटलं, "आणि बैल शेण टाकेल ते?"

"तू ना, वाईटच बघ," म्हणाले.

शी, असं तेव्हा पहिल्यांदा माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. सासूबाईंच्या कानावर घातलं, त्या म्हणाल्या, बोलतोय बोलू दे. पण हे नुसते बोलत नव्हते. रस्त्याकडची केळी काढून मोकळी जागा करायची, हॉटेल घालायचं, आणि मध्ये येणारा सोनचाफा तोडायचा, इथवर मजल गेली होती. तो चाफा बाबांच्या आईनं लावलेला. आमची फुलं दादरला जायची, पण त्या झाडाची पहिली ओंजळ बाजारात जात नसे, देवाला जायची. बाबा रोज पहाटे झाडाखाली उभे राहून वर बघत म्हणायचे, "शी, एवढीच?" तेव्हा माझं बाबांवर प्रेमच आहे, असं मला वाटायचं.

बाबा काही बोलले नाहीत ते त्यांना सांगितलंच नव्हतं म्हणून. हे सकाळी कुऱ्हाडवाल्या गड्याला घेऊन वाडीत आले तेव्हा त्यांना कळलं. मी चहा घेऊन मागोमाग गेले होते. केळी आडवी पडली होती, पांढरा चीक जमिनीवर वाहत होता आणि गडी चाफ्याच्या बुंध्याला दोर बांधत होता. बाबा आले, उभे राहिले. केळींकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. शी म्हणाले नाहीत. मी त्यांच्या हातात कप दिला, त्यांनी चहा प्यायला आणि त्यालाही काही म्हणाले नाहीत. मला सासूबाईंचं 'तेव्हा घाबर' आठवलं.

मग ते ह्यांना म्हणाले, "त्या कपात मी तीनदा बसलो."

हे गोंधळले. "कुठल्या?"

"त्याच. रांग लावून बसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. बोटीवरचे पोरगे माझ्याकडे बघून हसत होते नि मी त्यांच्याकडे बघून. आवडलं मला. सगळं आवडलं. ते पानघोडेसुद्धा." त्यांनी रिकामा कप माझ्याकडे परत दिला. "होडीतनं जाताना जंगल लागतं. त्यात एक झाड दिसलं, वाकड्यातिकड्या फांद्या, एक पान नाय. एवढी बंदरं फिरलो, असलं झाड बघितलं नाय. होडीतनं उतरल्यावर तिथल्या माळ्याला गाठलं, इचारलं कसलं झाड. तो हसाय लागला. म्हनाला, संत्र्याचं. म्हटलं, संत्र्याचं असं नसतं. तो म्हनाला, उलटं पुरलंय. वर दिसतात त्या फांद्या नाय, मुळं आहेत."

गड्यानं हातातलं दोराचं टोक खाली ठेवलं होतं.

"ती सगळी जागा म्हंजे संत्र्याच्या वाड्या होत्या रे. कुनाच्यातरी. तोडल्या, नि त्यातलीच झाडं डोकं खाली, पाय वर करून पुरली, म्हंजे लोकांना जंगल वाटावं. नि मी त्याच्यावर बसून दिवसभर हसलो. वाडीवाल्याचा पोर मी, नि मला झाड ओळखू आलं नाय." बाबांचा आवाज चढला नव्हता. "हे मी ओटीवर कधी सांगितलं नाय. लाज वाटली. बाकीचं सांगून सांगून शी शी करत बसलो, नि तू त्यातनं हे काढलंस."

ह्यांनी त्या पडलेल्या केळींकडे पाहिलं. मग गड्याला म्हणाले, "सोड तो दोर." गड्यानं सोडला. केळीच्या गड्ड्यांना पुढं पिलं आली, त्या वर्षीच ती जागा पुन्हा हिरवी झाली. त्या दिवशी दुपारी बाबांनी ताटातल्या भाजीला शी म्हटलं आणि सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. ओटीवरच्या बैठकी मात्र बंद झाल्या. कुणी विचारलंच तर बाबा सांगायचे, "विसरलो." माझा तुळशीचा कट्टा स्वच्छ राहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो स्वच्छ कट्टा बघवत नसे.

बाबा गेले ते श्रावणात. फार आजारी पडले नाहीत. आदल्या दिवशी डॉक्टरांच्या औषधाला शी म्हणाले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

अंगणात त्यांना ठेवलं होतं. गाव लोटलं होतं. ओटीवर रोज हसणारी माणसं खाली माना घालून उभी होती. शेजारच्या एकानं मोठ्या मायेनं मुंबईहून आणलेला हार बाबांच्या गळ्यात घातला. तेव्हा नवीनच निघाले होते ते, कागदाच्या फुलांचे, रंगीत, वर चमकी लावलेली. लोकांनी कौतुकानं पाहिलं. मला कसंसंच झालं, पण सून मी, बोलणार कशी?

हे पुढं झाले. बाबांच्या गळ्यातला तो हार त्यांनी हळूच काढला, बाजूला ठेवला.

"शी," म्हणाले.

हुबेहूब बाबांचा आवाज होता. हे तसेच वाडीत गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या धोतराच्या ओच्यात चाफा होता, त्या झाडाची त्या दिवशीची सगळी फुलं, बाजाराला एकही न ठेवता.