रक्तात सापडेल अशी खूण

"गाठ कॅन्सरची आहे. स्तन काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या मागं बघायला लागले. सोबत कोण आलंय ते शोधत होते. कोणी नव्हतंच. मालक जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा कागद त्यांनी शेवटी माझ्याच हातात दिला.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. सोलापुरात मी झंपर शिवायची. रोज बायकांच्या छातीला टेप लावणारी मी, पण स्वतःची गाठ आठ महिने कुणाला दाखवली नाही. दुखत नव्हती ना! म्हणून गप्प बसले, येडी कुठली.

ऑपरेशन झालं. वॉर्डात वळसंगची जाऊ एकदाच आली, दारातूनच बोलून गेली. घरी आले तर बायका शिवायला कापड देईनात. माझ्या हातून हे दुखणं झंपरात उतरतं म्हणे! लई राग आला. पुढं पुढं रागही येईना. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

यायच्या त्या एकट्या डॉक्टरीणबाई. दवाखान्यात संशोधन करायच्या. महिन्यातून एकदा घरी येऊन डाव्या हाताचं रक्त घ्यायच्या, चहा प्यायच्या. कॅन्सरच्या पेशींतली प्रोटीन, म्हणजे प्रथिनं बदलतात. त्यातलं एखादं रक्तात सापडतं का, हे त्या बघत होत्या. सापडलं तर त्याला ट्यूमर मार्कर म्हणायचं, म्हणजे गाठीची रक्तातली खूण.

मी आपली समजले, रक्त नेलं आणि निरोप आला नाही, म्हणजे दुखणं परतलं नाही. त्या येऊन गेल्या की महिनाभर निवांत झोपायची.

दीड वर्षानं हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मावशी, मी नीट समजावायला हवं होतं. या रक्तावरून तुमचं काही कळत नाही. अजून कुणाचंच कळत नाही. कळायला लागलं तर पुढच्या बायकांना उपयोग होईल."

इतके महिने कशाच्या भरवशावर झोपत होते मी?

बायांनो, दुखत नसली तरी गाठ दाखवा. कसली तपासणी कशासाठी, ते तोंड उघडून विचारा. मी आता दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडं स्वतः जाते. दुखणं परतेल का, ते मात्र तेही सांगत नाहीत.

त्या दिवशी हे बोलून झाल्यावर डॉक्टरीणबाई रक्त न घेताच सुई पिशवीत परत ठेवायला लागल्या. मी बाही वर केली.

"घ्या," म्हटलं. "आणि रक्त नको झालं तरी येत जा की."