शिट्टीची किटली

किटलीची शिट्टी बंद पडली आणि माझं डोकं फिरलं. किटली मीच आणली होती. मायची नजर अधू झाल्यापासून तिने दोन पातेली कोळसा होईस्तोवर गॅसवर ठेवली होती. नरडाण्याला कंपनीत असलेला धाकटा भाऊ फोनवरून रोज सुनावायचा, तिला गॅसला हात लावू देऊ नका म्हणून. सांगायला काय जातं त्याचं! मायला लागतो गुळाचा कोरा चहा, तोही स्वतःच्या हातचा. मग मी तोड काढली, शिट्टीची किटली. वाजली की समोरच्या खोलीतलं झेरॉक्सचं दुकान तसंच टाकून आत धावायचं. माझ्या मते घरात शांतता नांदत होती.

आणि आता शिट्टीच मुकी. वाफ झाकणातून फसफसायची, पण आवाज म्हणून नाही. मायला मी बजावलं, "आज ही दुरुस्त झाली नाही तर उद्यापासून गॅस बंद. चहा मी करून देईन." ती लसूण सोलत राहिली. त्याचा मला जास्तच राग आला.

भांड्यांच्या दुकानदाराने किटलीकडे नीट पाहिलंही नाही, नवीन घेऊन टाका म्हणाला. यांना दुरुस्ती हा शब्दच माहीत नाही. तणतणत पिंप्राळ्याला घरी आलो. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की नळाच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात, तेव्हा दोष क्षाराचाच, हे मी ठरवून टाकलं. लिंबू पिळून पाणी उकळलं. चिंचेने घासलं. ढिम्म. शेवटी चोचीवरचं शिट्टीचं टोपण पक्कडीने उपसलं आणि त्याच्या भोकात दाभण खुपसलं. आतून पांढरा टणक खडा निघाला. आलं ना म्हणणं खरं! त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडत मी तो खडा लिंबाच्या पाण्यात टाकला, विरघळतो का बघायला.

तो विरघळला नाही. मऊ झाला, बोटाला चिकटला. कणीक होती ती.

आमच्या घरात फट दिसली की माय कणीक लावते. गळकी बादली असो, सैल झाकण असो, चिमूटभर कणीक घेऊन ती अंगठ्याने दाबणार. दुसऱ्या कुणाचं हे काम असणं शक्यच नव्हतं.

मी खडा घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओरडलोच, "माय, हे तू केलंस? हात भाजला असता म्हणजे?"

"मीच करं," ती म्हणाली. आवाज माझ्यापेक्षा चढा. "शिट्टी वाजनी का तू पयत येस. मना हातमातली किटली हिसकाडी लेस. मंग च्या तूच गायस, कप तूच भरस. पानी उकयनं का माले आयकू येस. मी आंधी व्हयनू, बहिरी नही."

"तुझ्यासाठीच करतो ना मी?"

"माले इचारं का कधी?"

मी अजूनच चिडलो. शिट्टी पुसली, फुंकून पाहिली. खणखणीत वाजली. टोपण चोचीवर बसवायला हात पुढे केला, तर तिने चाचपडत किटली अलीकडे ओढून घेतली, तशीच उघडी गॅसवर ठेवली आणि काडी ओढली. काडी बर्नरपासून चांगली चार बोटं लांब होती. मी पुढे झालो.

"सरक," ती म्हणाली. "ती शिट्टी तुना गयामा बांध. तू कव्हय मांगे ईसन उभा राहस, माले समजत नही."