कॅमेऱ्याच्या पोटातलं तेल

मिलच्या कचेरीतली कारकुनी सोडून मी शुक्रवार पेठेत फोटोचं दुकान काढलं, तेव्हा सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला असं म्हणता येणार नाही. आम्ही आधीही बोलत नव्हतोच. जावयाशी थेट बोलणं त्यांच्याकडे बरं दिसत नसे. तिघं एकाच खोलीत असलो तरी ते लेकीला म्हणत, "इचार जावईबापूंना, च्या घेनार का," आणि मी हातभर अंतरावरून बायकोला सांगे, "घेईन म्हणावं."

वर्ष बरं गेलं. मग गिऱ्हाइकांचे चेहरे पांढरे पडू लागले. आधी फोटोतले, मग फोटो बघून खरेही. कुंभारी गावचा एक धनगर खास झुपकेदार मिशांचा फोटो काढून गेला होता. कागदावर नाकाखाली नुसतं धुकं. "माजी मिशी कुटं हाय?" म्हणत तो दुकानाच्या दारात उभा राहिला आणि अर्धी पेठ मिशी शोधायला जमली.

बातमी सासऱ्यांपर्यंत गेली. ते त्याच मिलमध्ये मागांवर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम होते. दुसऱ्याच दिवशी आले आणि लेकीला म्हणाले, "त्यांची जागा अजून रिकामी हाय म्हनावं. सोमवारपतोर म्या हेडक्लार्काला थांबीवलंय."

नोकरी सोडताना याच हेडक्लार्काला मी चार शब्द जास्तच सुनावले होते. त्याच्यासमोर पुन्हा टेबलाशी बसायचं या कल्पनेनंच माझं डोकं फिरलं. पण सोमवारपर्यंत दोष सापडला नाही, तर दुसरा मार्गही नव्हता.

मी आधी फोटो धुवायच्या विहिरीच्या पाण्याला शिव्या दिल्या, मग औषधांना, मग बायकोला, कारण औषधांची पूड ती मोजून देई. ती दोन दिवस बोलली नाही. त्यामुळे सासऱ्यांकडे निरोप जायची वाटही बंद झाली.

शेवटी शनिवारी कॅमेऱ्याची पाठ उघडली, खिडकीकडे तोंड करून आतून पाहिलं आणि खटका दाबला. भिंगामागच्या पातळ पात्या उघडल्या आणि मिटायचं विसरल्याच. जेवणं झाल्यावर लोडाला टेकलेल्या पाहुण्यांसारख्या रेंगाळून, मग एकेक करत मिटल्या. तेवढ्या वेळात आत नको तितका उजेड शिरत होता. स्प्रिंग शाबूत होती. मग अडत काय होतं?

बायको राग विसरून जवळ आली. तिनं कॅमेरा नाकाशी नेला.

"याला अप्पांच्या सदऱ्याचा वास येतोय की!"

मागाचं तेल! जॉबरच्या लेकीला तो वास ओळखायला भिंग लागत नाही. मी भिंग काढलं, पुढची चकती सोडवली. पाचही पात्या तेलानं एकमेकींना बिलगल्या होत्या. मोटारवाल्याकडून वाटीभर पेट्रोल आणलं, एकेक पाती धुतली, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसली, वर शिसपेन्सिलीची पूड चोळली. परत बसवताना दोनदा उलट्या बसल्या आणि तिसऱ्यांदा खटका दाबला तेव्हा असा कोरडा 'चट्' आवाज आला की मी बायकोसमोर चक्क नाचलो.

रविवारी सासरे उत्तर न्यायला आले. बायकोनं विचारलं, "अप्पा, कॅमेऱ्यात तेल तुमी घातलंत?"

"व्हय! दिवाळीला आलतो तवा. लई करकर वाजत हुता. आमी मागाला रोज घालतो की."

मला बरंच काही म्हणायचं होतं, पण त्यातलं एकही वाक्य पोचवायला बायको तयार होईना. तिनंच त्यांना शांतपणे समजावलं की कॅमेऱ्याला तेल म्हणजे विष. मिलमधले माग ज्याच्या हाताखाली मुकाट चालत, तो माणूस खाली मान घालून बसला. चहा न घेताच उठून गेला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ते परत आले आणि चप्पल न काढताच दारातून लेकीला म्हणाले, "चूक माजी हाय. आता त्यांना कुनी माघारी बोलवायचं न्हाय. हेडक्लार्काच्या घरी जाऊन आलो. ती जागा म्या पुतन्याला मिळवून दिली."

"बरं केलंत म्हणावं," मी म्हणालो.

ते गेले आणि मी कॅमेऱ्याचा खटका पुन्हा एकदा दाबून पाहिला. आठवडाभर त्या रिकाम्या जागेचा राग राग केला होता. ती भरली तेव्हा कळलं, आता कुणाची मिशी पुन्हा धुक्यात गेली, तर मला परतायला जागा नाही.